बाविसाव्या चालीला काय बघत होतास?

पत्र थोडं आटोपतं घेऊन देतो आहे.

"सर, आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगा नववीत आहे, पहिली-दुसरीपासून बुद्धिबळ खेळतो. मागच्या महिन्यात एका खुल्या स्पर्धेत चौथ्या राउंडला त्याची एका ग्रँडमास्टरशी गाठ पडली. पांढरी मोहरी. डाव चांगला चालला होता. बाविसाव्या चालीला तो ३८ मिनिटं विचार करत बसला आणि तिथून वेळ पुरेनासा झाला. चौतिसाव्या चालीला जिंकायची चाल होती, ती सुटली. पंचेचाळिसाव्या चालीला डाव सोडला. आता हे रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉपवर तोच डाव लावतात. 'बघ, इथं प्लस पाच होतं, हातचा घालवलास.' पोरगा मान खाली घालून ऐकतो. परवा कोल्हापूरच्या स्पर्धेत तो सगळे डाव भराभर खेळला. एक डाव हरला तेव्हा त्याच्या घड्याळात १ तास ४ मिनिटं शिल्लक होती. ह्यांचं म्हणणं, इथं वेळ सांभाळता येत नाही तर पुढच्या वर्षी दहावीला काय करणार? त्याला समुपदेशकाकडे न्यावं का? की वर्षभर खेळच बंद करावा? तसा जेवतोखातो, झोपतोही नीट. नोटेशनच्या, म्हणजे डावात चाली लिहितात त्या कागदाचा फोटो सोबत आहे. तो ग्रँडमास्टर भला माणूस होता हो. डाव संपल्यावर पोराला बाजूला बसवून दहा मिनिटं डाव दाखवला. 'तू जिंकत होतास' म्हणाला, आणि 'बाविसाव्या चालीला काय बघत होतास?' असं विचारलं. आमचा गप्पच." — एक आई, सांगली

ताई,

समुपदेशकाचं आधी उरकून घेऊ. पोरगा जेवतोय, झोपतोय, पुढची स्पर्धाही खेळून आलाय. आत्ता तरी गरज दिसत नाही. झोप उडाली, मित्र तुटायला लागले, शाळेत जायचा कंटाळा यायला लागला, तर मात्र कुणी काय म्हणेल याचा विचार न करता न्या. आणि खेळ बंद करायचं एकही कारण मला तुमच्या पत्रात सापडलं नाही.

आता तो कागद. मी फोटो मोठा करून दोन संध्याकाळ बघितला. एकविसाव्या चालीपर्यंत अक्षर कसं, वहीत काढल्यासारखं. बाविसाव्या रकान्यात चालीच्या आधी शाईचा एक जाड ठिपका आहे. पेनचं टोक तिथं टेकलेलं असणार आणि साहेब विचारात. ती तुमची ३८ मिनिटं. तिसाव्या चालीनंतर अक्षरं उजवीकडं कलंडायला लागतात. तेहतिसावी चाल चुकून काळ्याच्या रकान्यात लिहून खोडली आहे. चौतिसावी तर वाचता येत नाही, डाव लावून बघितला तेव्हा कळली.

डाव मी घरच्या पटावर लावला. एकविसाव्या चालीला ग्रँडमास्टरनं घोडा राजाच्या बाजूला नेला, आणि वजिराच्या बाजूचं एक प्यादं उघडं पडलं. तुमच्या मुलाच्या वजिरानं ते सरळ मारता येत होतं. त्यानं मारलं नाही. ३८ मिनिटं बसून त्यानं राजा एक घर कोपऱ्यात सरकवला. मी माझ्या पटावर प्यादं मारून बघितलं. सापळा कुठं आहे, कुठं आहे म्हणून शोधलं. शेवटी इंजिनही, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमही लावला, मी काही साधुसंत नाही. सापळा नव्हता. ग्रँडमास्टर चुकला होता, बस.

तुम्ही सगळे चौतिसाव्या चालीपाशी रडताय. संधी बाराएक चाली आधीच येऊन गेली होती, आणि तेव्हा घड्याळात भरपूर वेळ होता. पोरानं ती ३८ मिनिटं नसलेला सापळा शोधण्यात घालवली. समोर ग्रँडमास्टर बसलाय म्हणजे प्यादं उगाच कसं सोडेल, हे त्यानं धरून ठेवलं. आदर चांगला, पण त्याचं बिल मिनिटांत आलं. पाहुण्याला आधी वाढायचं ही आपली रीत. पटावर ती पाळायची नसते.

शेवटी राजा कोपऱ्यात का सरकवला, हे तुमच्या यजमानांना कोडं पडलं असेल. बुद्धिबळात हा आजार जुना आहे, त्याला कोटोव्ह सिंड्रोम म्हणतात. माणूस दोन चालींवर अर्धा तास घासतो, एकीतही समाधान होत नाही, मग घड्याळाकडं लक्ष जातं, पोटात गोळा येतो, आणि तो तिसरीच, अजिबात न तपासलेली चाल खेळून मोकळा होतो. हे मोठमोठ्यांचं होतं. पोराला एवढं सांगा, त्याला बरं वाटेल.

आणि वेळेची कोंडी म्हणाल, तर ती काही पोरवयाचा दोष नाही. अलेक्झांडर ग्रिशुक जगातल्या पहिल्या फळीत खेळला तो सगळा जन्म शेवटच्या मिनिटांत काढून. अमेरिकेचा रशेव्हस्की त्यातलाच. त्याचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४२ ची अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा, समोर डेंकर, आणि घड्याळातली झेंडी पडली रशेव्हस्कीची, म्हणजे वेळ त्याचा संपला. पंच आले, घड्याळ मागच्या बाजूनं उचलून बघितलं, डावं-उजवं झालं, आणि डेंकर हरला म्हणून जाहीर करून टाकलं. बघणारे ओरडले, पण पंचांनी निकाल फिरवला नाही. तर आपल्या पोरावर झाला त्याहून मोठा अन्याय या खेळात होऊन गेलाय.

असो. मूळ मुद्द्याला येतो.

२०१४, सोची. आनंद आणि कार्लसन यांची जागतिक अजिंक्यपदाची लढत, सहावा डाव, गुण अडीच-अडीच. कार्लसननं सव्विसाव्या चालीला राजा चुकीच्या घरात नेला. आनंदला घोड्यानं मधलं प्यादं मारता येत होतं. हत्तीला हत्ती मारला तरी घोडा पुढच्या उडीत आणखी एक प्यादं शह देऊन घेतो, मग आणखी एक शह, आणि नंतर निवांत हत्ती परत घ्यायचा. दोन प्यादी जास्त. इंजिन लावून बसलेल्या शाळकरी पोरांनाही ते दिसत होतं. कार्लसनला चाल खेळल्याबरोबर दिसलं आणि तो चेहरा तसाच ठेवून बसून राहिला. आनंदच्या घड्याळात वेळ होता. तरी त्यानं थोडक्यात विचार संपवून कडेचं प्यादं पुढं ढकललं. डाव गेला, पुढं लढतही गेली, साडेसहा-साडेचार. नंतर तो जे बोलला त्याचा मतलब असा होता, की भेट मिळेल अशी अपेक्षाच नसली की समोर आलेली भेटही माणूस घेत नाही.

म्हणजे बघा. तुमच्या मुलानं ३८ मिनिटं लावली, आनंदनं फारच थोडी. दोघांचं दुखणं एकच. समोरचा चुकणार नाही, हे दोघांनी धरून चाललं.

आता दुसरा डाव. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांची जागतिक अजिंक्यपदाची लढत, चौदावा आणि शेवटचा डाव. गुकेशकडं एक प्यादं जास्त, पण दोन्हीकडं हत्ती आणि उंट, डाव बरोबरीकडं चाललेला. बघणारे निम्मे उठायच्या बेतात होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती समोरासमोर आणून मारामारी मागितली. त्याचा उंट कोपऱ्यात होता. हत्ती गेले की गुकेश उंटासमोर उंट आणणार, तेही जाणार, आणि उरणार नुसते राजे आणि प्यादी, त्यात एक प्यादं जास्त असलेला जिंकणार. गुकेशनंही नंतर सांगितलं की पहिल्यांदा त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं, तो हत्तीची दुसरीच चाल खेळणार होता. पण त्यानं परत एकदा पट बघितला. डिंगच्या घड्याळात तेव्हा थोडी मिनिटं उरली होती, गुकेशकडं कितीतरी जास्त. अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला तो त्या दुसऱ्यांदा बघण्यानं.

म्हणून तुमच्या मुलाला मी एकच प्रश्न शिकवीन. समोरच्यानं चाल केली की बहुतेक मुलं विचारतात, 'आता हा माझं काय करणार?' विचारावंच. पण त्याच्या आधी विचारायचं, 'ह्यानं ही चाल करताना काय सोडलं?' घोडा उठला तर तो कुठलं घर राखत होता? राजा सरकला तर आता कुठल्या घरातून शह बसतो? याला अर्धं मिनिट लागतं, ३८ नाही. आणि हा प्रश्न शेजारच्या पोराशी खेळताना जसा, तसाच ग्रँडमास्टरशी खेळताना.

घड्याळाचा हिशेब यजमानांनी समजून घ्यावा, त्यांना आकडे आवडतात असं दिसतंय. अशा खुल्या स्पर्धांत बहुधा ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद मिळतात. म्हणजे चाळिसाव्या चालीपर्यंत हातात एकूण ११० मिनिटं. चालीला सरासरी पावणेतीन मिनिटं. एका चालीला ३८ मिनिटं म्हणजे जवळजवळ चौदा चालींचं रेशन एका जेवणात संपवलं. आणि ते मिळणारे ३० सेकंदसुद्धा पुरे ३० नसतात. चाल खेळायची, बटण दाबायचं, लिहायचं, कारण ३० सेकंद मिळत असले की नियमाप्रमाणं शेवटपर्यंत लिहावंच लागतं. सात-आठ सेकंद त्यातच जातात. हात कापत असला तर जास्त.

याला औषध काय? आपण सांगलीची माणसं. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे आपल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागात कुणाचं काय वाचलं? ज्यांनी इशाऱ्यालाच गॅस सिलेंडर आणि कागदपत्रं माळ्यावर टाकली त्यांचं. उंबऱ्याला पाणी लागल्यावर कपाट कुणाला हलवता येतं? घड्याळाला तशाच पातळ्या ठरवा. पंचविसाव्या चालीच्या आत वेळ ३० मिनिटांच्या खाली गेला की इशारा: इथून पुढं कुठल्याही चालीला तीन मिनिटांच्या वर नाही. दहाच्या खाली गेला की धोका: दोनच चाली निवडायच्या, त्यातली ज्यात आपला राजा सुखात राहील ती खेळायची आणि पुढं बघायचं. आणि एकूणच, एका चालीला पंधरा मिनिटांच्या वर बसायचं नाही. मोठे खेळाडू हा नियम मोडतात, माहीत आहे. त्यांना मोडू दे.

पातळी मोजायची तर मोजपट्टी पाहिजे. तुमच्या मुलाच्या कागदावर मला ती कुठंच दिसली नाही. प्रत्येक चालीशेजारी नको, पण दर पाच चालींनी घड्याळात किती मिनिटं उरली ते बारीक आकड्यात लिहायचं. नियमात चालतं. मी पंचगिरी केली त्या वर्षांत ज्या मुलांना ही सवय होती, त्यांचे कागद बघूनच मला कळायचं की डाव कुठं फिरला. चालींपेक्षा ते आकडे जास्त बोलतात.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण तुम्हाला वाटेल हा म्हातारा खुर्चीत बसून उपदेश करतोय. चावीच्या घड्याळांच्या दिवसांतली गोष्ट. दोन तासांत चाळीस चाली, वरून एक सेकंद मिळायचा नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाच्या कृपेनं त्या काळात आपल्या गावात मोठी माणसं खेळायला यायची, आणि आमच्यासारखी गावची पोरं त्यांच्यासमोर बसायची. असाच एक नावाजलेला खेळाडू समोर. माझा हत्ती त्याच्या सातव्या पट्टीवर शिरलेला, आणि माझ्या घड्याळात झेंडी उचललेली. झेंडी उचलली म्हणजे काटा तिला टेकला, दोन-तीन मिनिटं राहिली. मला अजून सहा चाली करायच्या होत्या. त्यानं वर न बघता बरोबरी विचारली. मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, हात पुढं केला.

मित्रांनी खांद्यावर घेतलं. गणपती मंदिराजवळ चहा आणि भडंग झालं, पैसे दुसऱ्यानं दिले. पुढं कित्येक वर्षं मी ही बरोबरी लोकांना सांगत फिरलो. मग मुलानं घरी कॉम्प्युटर आणला, मी जुनी वही काढून ती स्थिती लावली. पाच चालींत मात. सहा चाली करायच्या होत्या मला, आणि पाचव्याला मात होती. सौभाग्यवतीला दाखवलं. तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "मग त्यानं बरोबरी का मागितली?" मला हा प्रश्न तीस वर्षांत पडला नव्हता. अहो, मागितली कारण तो हरत होता. त्याला माहीत होतं, मला नव्हतं. वेळ कमी होता हे मी सगळ्यांना सांगायचो, पण वेळेनं मला हात पुढं करायला लावलं नाही.

यजमानांबद्दल. त्यांच्यावर चिडू नका, ते रजा काढून पोराबरोबर गावोगाव जात असणार, हॉलच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर सहा-सहा तास बसत असणार. डाव पोरानं गमावला, पण दुःख त्यांना जास्त झालंय. मात्र रात्रीचा तो लॅपटॉप बंद करा. इंजिनचं 'प्लस पाच' म्हणजे दोन्ही बाजूंनी अचूक खेळलं तर काय होईल त्याचा अंदाज. त्याच्यासमोर घड्याळ नसतं, ग्रँडमास्टर नसतो, हॉलमध्ये खोकणारी माणसं नसतात. ते पोराला सांगतं काय चुकलं. का चुकलं हे त्याला विचारता येत नाही, ते बापालाच विचारावं लागतं. पद्धत अशी ठेवा: डाव झाल्यावर दोन दिवस इंजिन नाही. पोरानं आपल्या हातानं वहीत लिहायचं, कुठल्या चालीला काय दिसत होतं, कशाची भीती वाटली. मग इंजिन, तेही पोरानं लावायचं आणि बाबांना समजावून सांगायचं.

कोल्हापूरला तो भराभर का खेळला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. घरी रोज वेळेवरून बोलणी बसतात, त्यानं वेळ वाचवून दाखवला. ६४ मिनिटं शिल्लक ठेवून हरला. ती काही पुढच्या राउंडला खात्यावर जमा होत नाहीत. त्याला ओरडू नका, तो तुमचंच ऐकत होता.

दहावीचं मनावर घेऊ नका. पेपरात समोर बसून कुणी प्रश्न बदलत नाही. अवघड प्रश्न सोडून पुढं जाता येतं, शेवटी परत येता येतं. पटावर बाविसावी चाल ठेवून तेविसावी आधी करता येत नाही. जो पोरगा हे शिकतोय त्याला तीन तासांचा पेपर जड जाणार नाही, आणि जड गेला तर त्याचं कारण बुद्धिबळ नसेल.

राहिला त्या भल्या ग्रँडमास्टरचा प्रश्न. 'तू जिंकत होतास' हे तुम्ही घरी आणलंत आणि धरून बसलात. तो मात्र चौतिसाव्या चालीबद्दल विचारत नव्हता, बघा. त्याला बाविसाव्या चालीचं पडलं होतं. प्यादं सुटलंय हे त्याला चाल करून बटण दाबल्यावर कळलं असेल, आणि मग ३८ मिनिटं तो समोर बसून, चेहरा तसाच ठेवून, वाट बघत असेल. ती ३८ मिनिटं त्यालाही सोपी गेली नसणार. पोराला हे सांगा, आणि मग त्याला तोच प्रश्न तुम्ही विचारा. बाबांनी नको, तुम्ही. चुलीपाशी, भाकरी करताना. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल.

पुढच्या स्पर्धेच्या नोटेशनची झेरॉक्स पाठवा. निकाल काय लागला ते कळवलं नाही तरी हरकत नाही, चालींशेजारी मिनिटं लिहिलेली असू देत.